शहाण्णवावी गुंज

"ही कण्हेर आहे ना?" गाडीतून उतरल्या उतरल्या मी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मधुकर विसपुते फाटक धरून उभे होते. साठी ओलांडलेले, पांढरा लेंगा-सदरा, कपाळाला बारीक गंध. बंगला त्यांचा, हॉटेलही त्यांचंच. "कण्हेर आहे," ते म्हणाले. "ही तांबडी. मागे विहिरीकडे पिवळी आहे. का हो ताई?"

"विषारी असते."

"असते. पण आमच्याकडे अजून कुणी नाश्त्याला मागितली नाही."

शैलेश, माझा नवरा, डिकीतून बॅगा काढता काढता हसला. "काका, सवय करून घ्या. दोन दिवस आहोत आम्ही. उद्या संध्याकाळपर्यंत ही तुमच्या बागेचा पंचनामा करून देईल."

मी जुईला कडेवर घेतलं आणि कण्हेरीपासून लांबून फाटकाच्या आत गेले.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुई तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. नऊ महिन्यांची असताना तिच्या घशात शेंगदाणा अडकला होता. निघाला, तिला काही झालं नाही. पण तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिले होते, आणि तेव्हापासून ती जागी असताना मी कधी डोळे मिटले नव्हते. एम.एस्सी. केलेली बाई मी, वनस्पतिशास्त्र घेऊन, पण त्या ज्ञानाचा उपयोग एवढाच उरला होता की कुठल्या झाडाचं काय खाल्लं तर काय होतं, हे मला पाठ होतं. शैलेशनं ही सहल माझ्यासाठीच काढली होती. "तू फक्त झोप," तो म्हणाला होता. "बाकी काही बघू नकोस. ना डोंगर, ना किल्ला. झोप."

बंगला बागलाणात, डोंगराच्या पायथ्याशी. कुठल्याशा इंग्रज इंजिनियरनं बांधलेला, दगडी, उंच छताचा. त्यात पाच खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय कुणी नव्हतं. काकांच्या पत्नी वारल्या होत्या. स्वयंपाक बेबाबाई करायच्या, आणि सगळ्यांवर हुकूम चालवायच्या, काकांवरसुद्धा.

रात्रीच्या जेवणानंतर काकांनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता, काळी टोपी, गळ्यात उपरणं. त्याच्या खाली कपाटावरून त्यांनी एक शिसवी डबा काढला. आत सोनाराचा छोटा काटा, एक पितळी वजन, आणि गुंजा. लालभडक, टोकाला काळा ठिपका.

"आमचे बाबा, दामूशेठ," काका म्हणाले. "सबंध तालुका त्यांच्या तोळ्यालाच तोळा म्हणायचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे किती?"

"शहाण्णव," शैलेश म्हणाला.

"शहाण्णव. बाबांनी त्या एकेक निवडून घेतलेल्या. सगळ्या सारख्या वजनाच्या. कुणाला वजनाची शंका आली तर म्हणायचे, घ्या, गुंजा टाका आणि बघा."

मग त्यांनी वडील मोजायचे तशा मोजून दाखवल्या. डब्याला हात जोडून "लाभ" म्हणाले, आणि दोन, तीन, चार करत एकेक गुंज पारड्यात टाकत गेले. आमच्या गावीही धान्य मापताना आजोबा कधी एक म्हणत नसत, लाभ म्हणत. मोजणी शहाण्णववर संपली. दुसऱ्या पारड्यात त्यांनी पितळी तोळा ठेवला. काटा जरासा झुलला आणि मधोमध उभा राहिला. बघायला छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

"या चावल्या तर?" मी विचारलं.

"टरफल दगडासारखं असतं, ताई. अख्खी गिळली तर जशी गेली तशी बाहेर येते."

"चावली तर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग जुईकडे. "डबा वर ठेवतो," ते म्हणाले, आणि कपाटावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबाबाईंनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी केल्या, जुईसाठी मऊ भात. मी एरवी मोजून जेवणारी, त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या. शैलेशनं जुईला माझ्या मांडीवरून उचललं. "जा. दार लावून घे. मी आहे."

"ती तोंडात—"

"मी आहे, केतकी."

मी झोपले. कधी डोळा लागला तेही कळलं नाही.

जाग आली ती शांततेनं. मूल जागं असलं आणि आवाज नसला की काय समजायचं हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. घड्याळात सव्वातीन झाले होते. मी अनवाणी बाहेर आले. अंगणात आंब्याखाली शैलेश फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता, आणि दर चकरेला दिवाणखान्याच्या दाराकडे बघतही होता. दारातून त्याला जुईची पाठ दिसत असणार. शांत बसलेली, शहाणी पाठ.

मी आत गेले. तिच्या पुढ्यात डबा आडवा पडला होता. गुंजा सतरंजीभर पसरल्या होत्या. आणि तिचा एक गाल फुगलेला होता.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. एक गुंज निघाली, ओली, चकचकीत. मी ती मुठीत धरली.

"अजून खाल्ल्यास? जुई, अजून खाल्ल्यास?"

"हो," जुई म्हणाली.

"किती?"

"हो."

माझा आवाज ऐकून सगळे धावत आले. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. डबा पुसायला म्हणून त्यांनीच खाली घेतला होता, आणि दूधवाल्यानं हाक मारली म्हणून फाटकापर्यंत गेले होते. पाच मिनिटं, फार तर सात.

"काय व्हयनं?" बेबाबाई दारातूनच म्हणाल्या. मी सांगितलं. त्या जुईसमोर उकिडव्या बसल्या. "जुईबाई, हत्ती खादा का?"

"हो."

"बघा ताई. ही पोरगी हत्तीलाबी हो म्हणते. तिच्या हो वर जाऊ नका. दाणे मोजा."

सतरंजी झाडली, कपाट सरकवलं, जुईचा फ्रॉक काढून झटकला, तिच्या मुठी, कान, नाकपुड्या, सगळं पाहिलं. मग काकांनी मोजायला घेतलं. या वेळी हात जोडले नाहीत, लाभ नाही, काही नाही. एक, दोन, तीन. माझ्या मुठीतली ओली गुंज सगळ्यात शेवटी.

"पंच्याण्णव," ते म्हणाले.

"पुन्हा मोजा."

पुन्हा मोजल्या. पंच्याण्णव.

"काल शहाण्णव होत्या," मी म्हणाले. "मी इथेच बसले होते. तुम्ही शहाण्णव म्हणालात."

काका डब्याकडे बघत राहिले. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांचे वडील होते. "हो," ते म्हणाले.

तालुक्याचं गाव चाळीस मिनिटांवर. शैलेश गाडी चालवत होता, काका रस्ता दाखवायला पुढे बसले. डबा त्यांनी सोबत घेतला होता. डॉक्टरांना दाखवायला लागेल, म्हणाले. मी मागे जुईला घेऊन बसले. दर दोन मिनिटांनी तिच्या कपाळाला हात लावत होते. तिला मळमळतंय का, ती नेहमीपेक्षा गप्प आहे का, डोळे जड होताहेत का. तिला गाडीत बसल्याचा आनंद झाला होता, ती खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गाईला हाक मारत होती. मला मात्र तासांचं गणित येत होतं. हे विष लगेच दिसत नाही. आज मूल हसतं-खेळतं, आणि उद्या-परवा.

"मी बघत होतो," शैलेश म्हणाला. "खरंच बघत होतो, केतकी."

"पाठ बघत होतास."

त्यानं गाडीचा वेग वाढवला.

"ताई," काका मान न वळवता म्हणाले, "पोटात गेली नसेल. मला वाटतं, नसेल."

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी डब्यावर हात फिरवला. नुसताच. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की गाडीतून उतरवावंसं वाटलं. दिलासे मला नवीन नव्हते. काही होत नाही गं, उगाच घाबरतेस, मुलं अशीच वाढतात. सव्वादोन वर्षं तेच ऐकत आले होते. फुकट मिळणारी वस्तू.

डॉक्टर कापडणीस यांचा दवाखाना खाली आणि घर वर, असा होता. चाळिशीच्या बाई, केस घट्ट बांधलेले, बोलणं तोडून. त्यांनी जुईला तपासलं, पोट चाचपलं, ओली गुंज भिंगाखाली धरली.

"ही अख्खी आहे. चरा नाही. पण गेलेली चावून गेली की गिळून, हे सांगता येणार नाही. किती वेळ झाला?"

"तास," मी म्हणाले. "तासाच्या आत."

"मग नळी घालून पोट धुऊ. त्यानंतर ॲम्ब्युलन्सनं नाशिक. तिथे दोन-तीन दिवस ठेवून घेतील. लहान आहे, मी जोखीम घेणार नाही." त्यांनी सिस्टरांना खूण केली. "बाबा पाय धरतील. आईनं बाहेर थांबलं तरी चालेल."

"मी थांबते."

सिस्टरांनी जुईला चादरीत गुंडाळलं, हात आत. आतापर्यंत तिला मजा वाटत होती. हात हलेनात तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग ओरडायला लागली. नळी पाहून मोठं माणूस ओरडेल, ती तर एवढीशी. शैलेशनं तिचे पाय धरले. मी तिच्या डोक्याशी उभी राहून काहीतरी गाणं म्हणत होते, कुठलं ते आता आठवत नाही.

"मॅडम, थांबा."

काका दाराशी उभे होते. डॉक्टरांनी वर पाहिलंही नाही. "विसपुते, बाहेर थांबा."

"गुंज गेलेली नाही, मॅडम. डब्यात पंच्याण्णवच होत्या."

"काल शहाण्णव होत्या," मी म्हणाले.

"नव्हत्या, ताई."

"मी मोजणी ऐकलीय."

"ऐकलीत. पाहिली नाहीत." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "मॅडम, दोन मिनिटं द्या. आणि पंखा बंद करा, काट्याला वारा चालत नाही."

डॉक्टर कापडणीस यांनी त्यांच्याकडे पाहिलं. हातातली नळी तशीच होती. मग त्यांनी सिस्टरांना मान हलवली. पंखा थांबला. जुईसुद्धा, आश्चर्यानंच असेल, थांबली.

काकांनी डब्यासमोर हात जोडले. "लाभ," म्हणाले. हात जोडलेलेच. एकही गुंज उचलली नव्हती. मग हात सोडले, पहिली गुंज उचलून पारड्यात टाकली. "दोन." दुसरी टाकली. "तीन."

ते थांबले. "माझे वडील असे मोजायचे. गिऱ्हाईकही हात जोडायचं. त्याला वाटायचं, लाभची एक गुंज पडली. मोजणी शहाण्णव व्हायची, माल पंच्याण्णवचा."

"आणि वजन?" शैलेशनं विचारलं. "काल तर काटा बरोबर उभा राहिला."

काकांनी पितळी तोळा उलटा करून डॉक्टरांच्या हातात दिला. तळाशी एक बारीक गोल होतं, काळपट. "आतून कोरलंय. वरून लाख भरलीय. हेही पंच्याण्णवचंच आहे. म्हणून तर मला डब्यात एक गुंज कधी वाढवता आली नाही. कुंपणावर लाखोंनी लागतात त्या. पण एक टाकली असती तर वजन खोटं पडलं असतं. वजन खोटं पडलं असतं तर बाबा."

डॉक्टरांनी लाखेवरून नख फिरवलं.

"घरी मोजल्या तेव्हाच सांगायला हवं होतं," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "जीभ उचलली नाही. म्हटलं, रस्त्यात सांगू. मग म्हटलं, डॉक्टर बघतील आणि काही नाही म्हणून घरी पाठवतील. पण ही नळी…" त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि गुंजा पारड्यात ओतल्या. ओली गुंज अजून डॉक्टरांच्या भिंगाखालीच होती. ती मी उचलली, पदराला पुसली, आणि स्वतः टाकली.

दुसऱ्या पारड्यात तोळा. काटा झुलला, झुलत राहिला. माझे डोळे त्या काट्यावर होते. तो मधोमध उभा राहिला.

मी हात पुढे करून एक गुंज काढली. पारडं वर गेलं. परत टाकली, काटा सरळ. पुन्हा काढली, पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा डॉक्टरांनी माझं मनगट धरलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "सोडा हिला चादरीतून."

जुई माझ्या गळ्यात पडली. तिचे हात मोकळे झाल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझे केस ओढले, आणि ते बरोबरच होतं. शैलेश भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. काकांचं म्हणणं खरं कशावरून, असा प्रश्न माझ्या मनात, माझ्यासारखीच्या मनातसुद्धा, आला नाही. खोटा दिलासा द्यायला माणूस काहीही सांगेल. स्वतःच्या बापाला चोर म्हणणार नाही. आणि त्याच्याच तालुक्यात तर नाहीच.

डॉक्टरांनी जुईला आणखी दोन तास तिथंच ठेवायचं ठरवलं. तीन दिवस काय काय बघायचं ते कागदावर लिहून दिलं, उलटी झाली तर लगेच फोन, कितीही वाजता. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि काकांकडे वळल्या.

"माझ्या आईच्या पाटल्या तुमच्या वडिलांनी केल्यात."

"माहीत आहे," काका म्हणाले. "चार तोळ्यांच्या."

"म्हणजे चार गुंजा."

"चार गुंजा. मी त्यांना सांगून येतो. आताच. वर आहेत ना?"

"तिला चौऱ्याऐंशी वर्षं झालीत. काही सांगायची गरज नाही."

पण सांगायला वर जावं लागलं नाही. जिन्यावर काठीचा आवाज आला. संध्याकाळचा चहा त्या लेकीला स्वतः आणून देत, रोज, थर्मासमधून, असं नंतर कळलं. यमुनाबाई बारीक चणीच्या, नऊवारीतल्या, हातात त्या पाटल्या. काकांना पाहून थांबल्या.

"काय रे मधू, तब्येत बरी ना?"

काका उठून उभे राहिले. टेबलावर काटा तसाच होता, एका बाजूला गुंजा, एका बाजूला तोळा. त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानं, शाळेत कविता म्हणावी तसं. लाभ, हात जोडणं, लाख, चार गुंजा. शेवटी "माफ करा, मावशी," म्हणाले आणि मान खाली घातली.

यमुनाबाईंनी थर्मास टेबलावर ठेवला. "हे सांगायला इतकं तोंड पाडलंस? मला वाटलं, कुणी गेलं."

"मावशी, बाबा दर तोळ्याला एक गुंज…"

"मारायचा. ठाऊक आहे. अरे, गावात दुसरेही सराफ होते. ते लाभ म्हणायचे तेव्हा त्यांचा हात डब्यात असायचा. तुझ्या बापाचे तेवढे जोडलेले. आम्ही बाया काय आंधळ्या होतो?"

डॉक्टर कापडणीस खुर्चीत सरळ झाल्या. "आई, मग त्यांच्याकडे गेलात कशाला?"

"सांधा दाखव बरं." म्हातारीनं हात पुढे केला. "साठ वर्षं झाली. भांडी घासली, गोवऱ्या थापल्या, तुला न्हाऊ घातलं. दाखव कुठे सांधा दिसतो ते. असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. माझी आई मला घेऊन गेली तेव्हा घरूनच सांगून गेली होती, एक गुंज त्याची धरायची आणि गप्प बसायचं."

"कुणी कधी बोललं का नाही?" काकांनी विचारलं.

"काय बोलायचं? त्याला वाटत होतं कुणाला कळत नाही. खुशीत होता बिचारा. आपण कशाला सांगा."

काका खाली बसले. खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं, रडताहेत. मग कळलं, हसताहेत. बहुधा दोन्ही असावं. "या डब्यापायी मी दुकान बंद केलं, मावशी," ते कसेबसे म्हणाले. "चाळिसाव्या वर्षी. आता हे कुणाला कळेल, कधी कळेल, हीच धास्ती."

"हॉटेल बरं चाललंय ना?"

"बरं चाललंय."

"मग झालं तर." त्यांनी खुर्चीत बसून थर्मासचं झाकण फिरवलं, चार पेल्यांत थोडा थोडा चहा ओतला. एकीचा चहा चौघांत, पण कुणाला कमी पडला नाही. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "ही कोण? आणि ही कधीची उभी आहे?"

खरंच, खोलीत उभी असलेली मी एकटीच होते. बाकी सगळे कधीच बसले होते.

"बस गं बाई," यमुनाबाई म्हणाल्या आणि पेला माझ्या हातात दिला.

मी बाकावर बसले. जुई माझ्या मांडीवरून घसरून खाली उतरली आणि टेबलाच्या पलीकडे कुठेतरी गेली. शैलेश तिच्यामागे गेला असावा, किंवा सिस्टर. मी मान वळवून पाहिलं नाही. चहा चांगला गरम होता, आणि गवती चहाची पात घातलेला.